भारतातली पहिली कसोटी झाली ते मैदान बघायचंय: मुंबईतली क्रिकेटची मैदानं, एका दिवसात

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

जानेवारीत वडिलांना घेऊन मुंबईला येतोय. ते सांगलीचे, निवृत्त शिक्षक. शाळा सुटली की मुलांना मॅटिंगवर क्रिकेट शिकवायचं, हा त्यांचा कैक वर्षांचा नेम होता. विजय हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले, त्यामुळे त्यांच्या खेळ्या आमच्याकडे आजोबांच्या वेळेपासून तोंडपाठ.

वडिलांनी दोनच जागा सांगितल्यात. १९३३ साली भारतातली पहिली कसोटी झाली ते बॉम्बे जिमखान्याचं मैदान, आणि हजारेंनी पंचरंगी सामन्यात (धर्मानुसार पाडलेल्या पाच संघांची जुनी स्पर्धा) ३०९ काढल्या ते ब्रेबॉर्न. वानखेडेवर ते पूर्वी मॅच बघून आलेत, त्याची ओढ नाही.

दोन्ही जागा खाजगी क्लबांच्या आहेत एवढं कळलंय. बाहेरच्या माणसाला काय बघता येतं? गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही. आणि वार कोणता धरू?

फोर्टकर

रविवार धरा. आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनेच या. ती सकाळी सीएसएमटीला उतरवते आणि तिथून आझाद मैदान म्हणजे भुयारी मार्गाने रस्ता ओलांडला की समोर. टॅक्सीसुद्धा नको.

बॉम्बे जिमखाना आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला आहे. क्लब १८७५चा, आणि आत जायला सभासदाची ओळख लागते. पण मैदान बघायला आत जावंच लागत नाही. आझाद मैदानातून पायवाटेने दक्षिणेकडे चालत राहिलं की कुंपणापलीकडे हिरवळ आणि पलीकडचा तो उतरत्या छपरांचा लांबलचक क्लबहाउस दिसतो. तिथे शांतपणे उभं राहा. वडिलांसाठी घडीचा स्टूल आणलात तर उत्तम.

नुसतं बघितलं तर ते एक नीट राखलेलं गवत आहे. तिथे काय झालं ते डोक्यात असेल तरच ते दिसायला लागतं, म्हणून थोडं लिहितो.

१५ डिसेंबर १९३३. एका बाजूला डग्लस जार्डिन, दुसरीकडे सी. के. नायडू. कायमचं स्टेडियम नव्हतं. सामन्यापुरते मांडव आणि बाकांचे तात्पुरते स्टँड उभारले होते. आपण पहिल्या डावात २१९. इंग्लंड ४३८, त्यात पदार्पण करणाऱ्या ब्रायन व्हॅलेंटाइनच्या १३६. दुसऱ्या डावात २१ धावांत दोन गडी गेले आणि मग लाला अमरनाथ आणि नायडू यांची १८६ धावांची भागी झाली. अमरनाथ पहिलीच कसोटी खेळत होते. त्यांच्या ११८ धावा म्हणजे भारताचं कसोटीतलं पहिलं शतक. त्या संध्याकाळी प्रेक्षकांतल्या बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिल्याचं अजून सांगितलं जातं. सामना इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला. त्यानंतर त्या मैदानावर कसोटी झालीच नाही; ती पहिली आणि तीच शेवटची.

त्याच्याही आधीचं एक. १९२६ साली आर्थर गिलिगनचा एमसीसी, म्हणजे इंग्लंडच्या मेरीलबोन क्रिकेट क्लबचा, संघ आला होता. त्यांच्याविरुद्ध हिंदू संघाकडून नायडूंनी ह्याच मैदानावर दोन तासांच्या आत १५३ ठोकल्या, ११ षटकारांसह. आणि त्याच दौऱ्यात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांनी अखिल भारतीय संघाकडून १४८ केल्या. आपल्याला कसोटीचा दर्जा मिळण्यामागे त्या दौऱ्याचा मोठा हात आहे असं मी मानतो. त्यामुळे वडिलांना ११८ इतकंच १४८ आणि १५३ बद्दलही सांगा. शिक्षक आहेत, देवधर मास्तरांचं त्यांना नक्कीच ठाऊक असेल.

गिरणगाव_XI

फोर्टकरांनी जिमखान्याचं लिहिलं. पण कुंपणापर्यंत जाताना जे पायाखालून जातं तेच खरं बघायचं, असं मी म्हणेन.

आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत. रविवारी सकाळी तिथे एकाच वेळी इतके सामने चालतात की तुमच्या सामन्याचा मिडविकेट दुसऱ्याच सामन्याच्या स्लिपमागे उभा असतो. आम्ही शाळेच्या संघात होतो तेव्हा पहिली शिकवण हीच, की आपला चेंडू कुठला ते ओळखायला शीक आणि शेजारच्या सामन्यातला चेंडू आला तर न बघता परत फेक. अंपायर, स्कोअरर, माळी, पॅड बांधून बसलेली पोरं, क्लबांचे कापडी तंबू, सगळं डोळ्यांसमोर. तिकीट नाही, गेट नाही.

फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन आणि कांबळी यांची ६६४ धावांची अखंड भागी इथेच झाली. हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेची उपांत्य फेरी, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. २०१३ मध्ये पृथ्वी शॉच्या ५४६ धावाही हॅरिस शिल्डमध्ये, ह्याच मैदानावर. तुम्ही जाल तेव्हा एखादं बारक्या चणीचं पोर सकाळपासून बॅटिंग करत असेल, आणि त्याचे आईवडील बाउंड्रीवर पाण्याची बाटली धरून उभे असतील. मुंबईच्या बॅटिंगला खडूस म्हणतात ती कुठून येते ते तिथे तासभर उभं राहिलं की समजतं. बाद झाला तर दुसरी संधी पुढच्या आठवड्यात, आणि कधीकधी तीही नाही.

एक विनंती. गोलंदाजाच्या हातामागून, म्हणजे खेळपट्टीच्या सरळ रेषेत, चालू नका. साइटस्क्रीन बहुतेक ठिकाणी नसतो, फलंदाजाला तुमचा पांढरा सदरा दिसतो. ओव्हर संपेपर्यंत थांबा. कोणीही तुम्हाला हाकलणार नाही, उलट स्कोअर विचारलात तर आनंदाने सांगतील.

आडवळण

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. ज्या क्लबात गोऱ्यांखेरीज कोणाला सभासद होता येत नव्हतं, त्याच्या कुंपणाबाहेर उभं राहून श्रद्धेने आत बघायचं, हे मला पटत नाही. वडिलांना वानखेडेची फेरी घडवा. २०११चा विश्वचषक तिथे जिंकला, सचिनचा शेवटचा सामना तिथे झाला, त्याचा पुतळाही आता आत आहे, आपल्या नगरच्या प्रमोद कांबळेंनी घडवलेला. तो आपला इतिहास.

मुळामुठा

आडवळण, तुमची बोच रास्त आहे. पण तेवढ्यासाठीच ते मैदान बघावं असं मला वाटतं.

आधी जागेचा हिशेब बघू. आज आपण आझाद, क्रॉस, ओव्हल, कूपरेज अशी निरनिराळी नावं घेतो, तो सगळा एकेकाळी किल्ल्याबाहेरचा एकसंध मोकळा पट्टा होता, एस्प्लनेड. १८८०च्या दशकात जिमखान्याच्या साहेबांकडे स्वतःचं राखीव क्रिकेट मैदान होतं. एतद्देशीय पोरांनी उरलेल्या तुकड्यावर खेळायचं. त्यावरही साहेब पोलो खेळायचे आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्यांची माती उखडून जायची. पारशी क्रिकेटपटूंनी, त्यात शापूरजी सोराबजी पुढे होते, सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. म्हणजे गिरणगावांनी वर्णन केलेली ती मुक्त मैदानं अशीच पदरात पडलेली नाहीत. मग १८९० साली व्हर्ननच्या इंग्लिश संघाला पारशांनी जिमखान्याच्याच मैदानावर हरवलं.

आता पळवणकर बाळूंबद्दल, कारण त्यांच्याशिवाय ह्या मैदानाची गोष्ट अपुरी आहे. चांभार समाजातला मुलगा, पुण्यात साहेबांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर नोकरीला. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळ्या बांधायच्या, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेगसारख्या फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करून करून हा डावखुरा फिरकीपटू तयार झाला. पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतलं ते ग्रेगच्या संघाला हरवायचं होतं म्हणून. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळी मात्र त्याला पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा.

१९०६ साली बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढं करूनही त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद कधी दिलं गेलं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठल पळवणकरांना, १९२३ साली. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतलं.

म्हणून मी त्या कुंपणाशी उभा राहतो तो साहेबांच्या आठवणीने नाही. ज्याला पॅव्हेलियनमध्ये चहा मिळत नव्हता, त्याने त्या हिरवळीवर साहेबांच्या विकेटी काढल्या. तिथे त्याच्या नावाचा एक फलक, बाहेरच्या रस्त्यावरून वाचता येईल असा, असायला हवा. मला ते मनापासून वाटतं.

आडवळण

बाळूंच्या दृष्टीने त्या जागेकडे बघितलंच नव्हतं मी. फलकाच्या मागणीला माझा पाठिंबा.

फोर्टकर

मुळामुठा, सुरेख लिहिलंत.

ब्रेबॉर्नचं राहिलं होतं. आझाद मैदानातून महात्मा गांधी रस्त्यावर या, फॅशन स्ट्रीट ओलांडून क्रॉस मैदानाच्या बाजूच्या खाऊगल्लीत पोटपूजा करा आणि चर्चगेटकडे निघा. वडिलांना इथून टॅक्सी करा. ब्रेबॉर्न स्टेशनपासून जवळच, वीर नरिमन रोड आणि दिनशा वाच्छा रोडच्या कोपऱ्यावर. रस्त्यावरून स्टेडियम आहे हे चटकन कळतही नाही, कारण स्टँडखाली दुकानं आणि हॉटेलं आहेत.

समुद्रात भराव घालून काढलेल्या जमिनीवर १९३७ साली ते उघडलं. देशातलं पहिलं कायमस्वरूपी क्रिकेट स्टेडियम. चौरंगी, म्हणजे चार संघांचे, सामने तोवर बॉम्बे जिमखान्यावर व्हायचे, ते इथे आले आणि पंचरंगी झाले. हजारेंचा सामना १९४३चा. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला, विजय मर्चंट नाबाद २५०. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते ‘द रेस्ट’कडून खेळत. ‘द रेस्ट’ १३३ मध्ये आटोपले, फॉलोऑन मिळाला, आणि दुसऱ्या डावातल्या ३८७ पैकी ३०९ एकट्या हजारेंच्या. धाकटा भाऊ विवेक बरोबर ३०० धावांची भागी झाली, त्यात विवेकच्या २१. भाऊ टिकून राहिला म्हणून ते ३०९ झाले. माझ्या मते त्या २१ धावांचंही वेगळं कौतुक व्हायला हवं.

आत जायचे दोन मार्ग. एक, सीसीआयचा (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, ब्रेबॉर्न ज्यांचं आहे तो क्लब) सभासद सोबत असणं. दोन, तिकिटाचा सामना असेल तर तिकीट काढणं. कसोट्या १९७३ नंतर बंद झाल्या कारण तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचं फाटलं, आणि असोसिएशनने हाकेच्या अंतरावर वानखेडे बांधून काढलं. २००९ मध्ये मात्र श्रीलंकेविरुद्ध एक कसोटी इथे झाली. सेहवागच्या २९३. मी ती स्टँडमध्ये बसून पाहिली. दुसऱ्या दिवसअखेर तो नाबाद २८४ होता, आणि रात्रभर कोणाच्या घरात दुसरा विषय नव्हता.

सायली_नेरूळ

तिकिटाच्या सामन्यांवरून आठवलं, ब्रेबॉर्नवर बायकांचे मोठे सामने झालेत. २०१३च्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत तिथे झाली. २०२३ला डब्ल्यूपीएलच्या (बायकांच्या प्रीमियर लीगच्या) पहिल्याच मोसमाचा अंतिम सामनाही तिथेच, मुंबई इंडियन्सने जिंकला. असे सामने आले की तिकीट काढा. जुनं स्टेडियम आतून बघायचा सर्वांत सोपा मार्ग तोच, आणि सामनाही बघायला मिळतो.

आणि यादीत आमच्या नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम घाला. ऐतिहासिक म्हणजे शंभर वर्षं जुनंच असायला हवं का? ३० ऑक्टोबर २०२५ला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ करून ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार केल्या त्या इथे. २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या बायकांनी पहिला विश्वचषक घेतला तोही इथे. हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा झेल घेतला तेव्हा माझी सासू उठून उभी राहिली, आणि तिने तोवर अख्खा सामना कधी पाहिला नव्हता. उद्या माझी मुलगी तिच्या मुलांना घेऊन हे मैदान दाखवायला येईल, जसे कृष्णाकाठ वडिलांना घेऊन येताहेत.

थेम्सकाठचा

मी लंडनला असतो. इथे लॉर्ड्सची फेरी पैसे भरून कोणालाही करता येते. वाटाड्या लाँग रूममधून नेतो, अ‍ॅशेसचा तो चिमुकला कलश दाखवतो, ड्रेसिंग रूममधल्या सन्मानफलकांसमोर उभं करतो. तिथे वेंगसरकरांचं नाव तीनदा आहे, १९७९, १९८२, १९८६. विनू मंकडांचं १९५२च्या एकाच सामन्यासाठी फलंदाजीच्याही फलकावर आणि गोलंदाजीच्याही: १८४ धावा आणि पाच बळी. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतोच, आणि प्रत्येक वेळी वाटतं की दादर युनियनच्या वेंगसरकरांचं नाव बघायला आपण इथवर येतो, पण ते जिथे घडले ती मैदानं दाखवायला मुंबईत अशी रोजची फेरी नाही. क्लबांनी महिन्यातून एक सकाळ जरी लोकांसाठी दार उघडलं तरी शाळा भरभरून मुलं येतील.

गिरणगाव_XI

थेम्सकाठचे, १००% सहमत. तोवर लोकल आहे. मरीन लाइन्स ते चर्नी रोड, चर्चगेटहून निघाल्यावर डाव्या खिडकीशी बसा. समुद्राच्या बाजूला पारशी, इस्लाम, हिंदू जिमखान्यांची मैदानं पाठोपाठ जातात. चौरंगी-पंचरंगीचे संघ ज्या जिमखान्यांतून निघाले ते हेच. चालायचा त्रास नाही, वडिलांना सोयीचं.

कृष्णाकाठ

मंडळी, जाऊन आलो. सर्वांचे मनापासून आभार.

सकाळी आझाद मैदानात पोचलो तेव्हा नाणेफेकी चालू होत्या. वडिलांना एका तंबूच्या सावलीत खुर्ची मिळाली, त्या क्लबच्या माळीबुवांनी आपणहून दिली. दोघांचं खेळपट्टीच्या मातीवर बोलणं सुरू झालं. सांगलीकडच्या काळ्या मातीत भेगा कशा पडतात, पाणी किती मारायचं, रोलर किती वजनाचा. माळीबुवा पहाटे येतात. पावसाळ्यात कांगा लीग या क्लबांच्या स्पर्धेच्या वेळी गवत घोट्यापर्यंत वाढतं आणि जमिनीलगत मारलेला फटका दहा पावलांवर थांबतो, म्हणून इथली पोरं चेंडू उचलून मारायला शिकतात, असं त्यांनी सांगितलं. वडिलांनी खिशातल्या डायरीत ते टिपून घेतलं.

मग जिमखान्याच्या कुंपणाशी गेलो. मुळामुठा, तुमचा प्रतिसाद मी त्यांना आदल्या रात्री गाडीत वाचून दाखवला होता. वडिलांना देवधर, नायडू सगळं माहीत होतं. बाळूंचं नाव माहीत होतं, चहाचं माहीत नव्हतं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, आपल्या शाळेतल्या मैदानावरही पूर्वी कोण पाणी कुठून प्यायचं ते मी पाहिलंय. त्यांनी मला हे ह्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

ब्रेबॉर्नला एका नातेवाइकांच्या ओळखीचे सभासद भेटले, त्यांनी आत नेलं. पॅव्हेलियनपुढच्या हिरवळीवर टेबलं मांडलेली असतात, अगदी बाउंड्रीलगत. तिथून पूर्ण मैदान एका नजरेत येतं. वानखेडेसारखं उंच कोंदलेलं नाही; स्टँड बुटके, आकाश मोकळं. वडील खेळपट्टीच्या दोन्ही टोकांकडे बघून हजारेंनी कुठल्या टोकाकडून खेळताना विवेकला स्ट्राइकपासून वाचवलं असेल त्याचा अंदाज बांधत होते. आम्हाला घेऊन गेलेल्या काकांनाही त्या ३००च्या भागीची गोष्ट ठाऊक नव्हती, त्यांनी वहीत तारीख लिहून घेतली.

परतताना लोकलची डावी खिडकी मिळाली. इस्लाम जिमखान्यावर सामना चालू होता.

पुढच्या माणसासाठी: पाणी आणि टोपी हवीच, मैदानात सावली फार थोडी. स्वच्छतागृह सीएसएमटीलाच आटोपून घ्या. ज्येष्ठ सोबत असतील तर जिमखाना ते ब्रेबॉर्न टॅक्सीने.

सायली_नेरूळ

वाचून डोळे भरले. शाळेच्या मैदानाबद्दल बाबांनी जे सांगितलं ते त्यांच्याकडून सविस्तर लिहून घ्या ना. आणि नेरूळ राहिलं तुमचं!

मुळामुठा

सायलीताईंना दुजोरा. त्यांच्या शब्दांत इथेच वेगळा धागा काढा. आणि परत येताना पुण्याला उतरा, डेक्कन जिमखाना आणि कॅम्पातलं पूना क्लबचं मैदान मी दाखवतो. पूना क्लबचं बाहेरूनच, पण रोलर बघायला मिळेल.

कृष्णाकाठ

वडिलांना विचारलं. लिहायला बसलेत. पुण्याला उन्हाळ्याच्या आधी यायचं म्हणतात, मुळामुठा, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.